पहिल्याच मुक्कामावरून परतलेले स्वार : दौलताबादचे बंड आणि दख्खनची वेगळी वाट

१३४६ साली दौलताबादेहून भडोचकडे निघालेले १,५०० स्वार पहिल्याच मुक्कामावरून मागे फिरले. आजचे माझे व्याख्यान या एका परतण्याविषयी आहे. सुलतान मुहम्मद तुघलकाने त्यांना गुजरातेत बोलावले होते, त्यांना न्यायला आपले दोन सरदार पाठवले होते, आणि दौलताबादच्या अधिकाऱ्यांनी हुकमाप्रमाणे त्यांना रवानाही केले होते. परंतु पहिल्या मुक्कामी त्या तुकडीतील अमीर एकत्र जमले आणि आपल्याला मोहिमेसाठी नेले जात नसून मारण्यासाठी नेले जात आहे अशी त्यांची खात्री झाली. न्यायला आलेल्या सरदारांवर त्यांनी हत्यार चालवले आणि ते दौलताबादेत परत आले. त्यानंतर एका वर्षाच्या आत दख्खनला स्वतःचा सुलतान मिळाला, आणि तेथून पुढे सुमारे अडीचशे वर्षे दिल्लीच्या कोणत्याही बादशहाला महाराष्ट्राच्या भूमीवर टिकाऊ अंमल बसवता आला नाही.

हे स्वार कोण होते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण ‘परकी सत्तेविरुद्ध स्थानिक जनतेचा उठाव’ अशी या घटनेची कल्पना आपण मनाशी धरली तर पुढचे काहीच उमगणार नाही. फारसी इतिहासकार त्यांना ‘अमीरान-ए-सदा’ म्हणतात. सदा म्हणजे शंभर. शंभर स्वारांचा नायक आणि साधारण शंभर गावांच्या टापूची वसुली व बंदोबस्त पाहणारा अंमलदार, असे त्याचे दुहेरी काम असे. दरबारातल्या बड्या खानांच्या मानाने हा माणूस लहान. पण गावचा पाटील ज्या सरकारी माणसाला प्रत्यक्ष ओळखत असे, ज्याच्यासमोर सारा भरत असे आणि ज्याच्या स्वारांना भीत असे, तो हाच. या अमिरांत अफगाण होते, तुर्क होते, इस्लाम स्वीकारून हिंदुस्थानात स्थायिक झालेले मंगोलही होते. त्यांतला कोणीही मूळचा दख्खनी नव्हता. ते दख्खनचे झाले कसे, हा माझ्या मते या बंडाचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला बंडाच्या वीस वर्षे मागे जावे लागते.

देवगिरीवर अलाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी १२९६ साली झाली, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे मात्र आपल्या स्मरणात थोडी धूसर असतात. रामदेवरायाने खंडणी मान्य केली, १३०७ च्या सुमारास मलिक काफूर पुन्हा चालून आला, रामदेवरायाच्या मुलाने दिल्लीशी संबंध तोडण्याचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला, आणि अखेरीस १३१८ मध्ये रामदेवरायाचा जावई हरपाळदेव याला क्रूरपणे ठार करून कुत्बुद्दीन मुबारक खिलजीने यादवांचे राज्य संपवले. याच मुबारकने देवगिरीच्या तटांआत, जुन्या देवळांचे खांब वापरून मोठी मशीद बांधली. किल्ल्यात शिरल्यावर आज आपण जिला भारतमाता मंदिर म्हणून ओळखतो, तीच ही वास्तू. तिचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

म्हणजे १३१८ पर्यंत देवगिरी दिल्लीचा सुभा झाली होती. परंतु सुभा होणे वेगळे आणि दुसरी दिल्ली होणे वेगळे. ते दुसरे काम मुहम्मद तुघलकाने केले. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील उमराव, उलेमा, सूफी, कारकून, व्यापारी आणि त्यांची कुटुंबे यांना दक्षिणेत जाण्याचा हुकूम सोडला. आपल्या भाषेत ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग ज्या घटनांमुळे रुजला त्यांत ही घटना पहिली. दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही असे सुलतानाच्या दरबारातला इतिहासकार बरनी लिहितो, तर मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता एका आंधळ्याला फरफटत नेल्याची कथा सांगतो. या कथांना मी अक्षरशः खरे मानत नाही, कारण १३२७ आणि १३२८ सालचे संस्कृत शिलालेख दिल्लीच्या परिसरात सापडले आहेत आणि त्यांतून नांदते शहर दिसते. हललेला होता तो मुख्यतः राज्यकर्ता वर्ग. परंतु हलवल्या गेलेल्यांचे दुःख खोटे नव्हते. अब्दुल मलिक इसामी हा कवी त्या वेळी सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा दिल्ली सोडताच पहिल्या टप्प्यावर, तिलपत येथे, मरण पावले. इसामीने ते कधीच विसरले नाही आणि सुलतानाला कधीच माफ केले नाही.

पुढे सात-आठ वर्षांत परतीची परवानगी मिळाली आणि बरेच लोक दिल्लीला परतले. पण सगळे परतले नाहीत. ज्यांनी येथे घरे बांधली, ज्यांची मुले येथे जन्मली, ज्यांच्या वडीलधाऱ्यांच्या कबरी येथल्या मातीत झाल्या, ते राहिले. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादेत आले आणि १३३७ मध्ये येथेच वारले. खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. फारसी कवी अमीर हसन सिज्झी हेही तेथेच चिरविश्रांती घेत आहेत. माणूस आपल्या मृतांना जेथे पुरतो तेथला होतो, आणि दिल्लीहून आलेल्या या समाजाचे तसे झाले होते. मशिदी, मदरसे, टांकसाळ, बाजार, दप्तर आणि फौज असे सर्व काही दौलताबादेत होते. स्वतंत्र राज्याला लागणारा सगळा सरंजाम सुलतानाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खजिन्यातून, दिल्लीपासून चाळीस दिवसांच्या वाटेवर नेऊन मांडून ठेवला होता. उणीव होती ती फक्त दिल्लीशी नाते तोडण्याच्या कारणाची.

ते कारण बराच काळ निर्माण झाले नाही, याचे श्रेय कुतलुघ खान या सुभेदाराला दिले पाहिजे. हा सुलतानाचा गुरू. इब्न बतूता दौलताबादेत आला तेव्हा कुतलुघ खानच तेथे कारभार पाहत होता. त्या मोरोक्कोच्या प्रवाशाने शहराचे तीन भाग नोंदवले आहेत, किल्ल्याच्या तळघरातील मांजरांहून मोठ्या उंदरांविषयी लिहिले आहे, गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांच्या बाजाराचे वर्णन केले आहे, येथली द्राक्षे आणि डाळिंबे वाखाणली आहेत आणि मराठ्यांच्या खाण्यापिण्यातील सोवळ्या चालीरीतीही टिपल्या आहेत. त्याच्या वर्णनात एक भरलेले, पैसेवाले, स्वतःत रमलेले शहर दिसते. कुतलुघ खानाच्या काळात येथे बंड झालेच नाही असे नाही. १३३९-४० च्या सुमारास अली शाह नावाचा सदा अमीर गुलबर्ग्याकडे वसुलीला गेला, तेथल्या हिंदू अंमलदाराला मारून त्याने बिदरपर्यंत धडक मारली. कुतलुघ खानाने ते बंड मोडले. पण शरण आलेल्याला अभय देण्याची त्याची पद्धत होती आणि त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता.

त्याच काळात दिल्लीचे दक्षिणेतील इतर भाग एकामागून एक हातचे गेले. १३२७ मध्ये सुलतानाचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने सागर येथे बंड केले. पकडल्यावर त्याची कातडी सोलली गेली. १३२८ मध्ये आपल्या पुण्याजवळच्या कोंढाण्यावर नागनायक कोळ्याने सुलतानाच्या फौजेशी आठ महिने झुंज दिली. ही हकिकत आपल्याला इसामीमुळेच कळते, आणि शत्रुपक्षाच्या कवीने ती नोंदवली नसती तर सिंहगडाच्या इतिहासातले ते पान कोरेच राहिले असते. त्यानंतर मदुरेचा सुभेदार स्वतंत्र झाला. त्याच्यावर चाल करून निघालेल्या सुलतानाच्या फौजेत वाटेत साथ पसरली, अर्धे सैन्य गारद झाले आणि स्वतः सुलतान आजारी होऊन मागे फिरला. परतताना बीडजवळ त्याचा एक दात पडला. तो त्याने समारंभपूर्वक पुरला आणि त्यावर घुमट बांधला, असे बऱ्याच नंतरचा इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तेथून तो पैठणला येऊन उपचार घेत राहिला. वारंगळ कापय नायकाने परत घेतले, तुंगभद्रेच्या काठी विजयनगर उभे राहिले, पूर्वेकडे बंगालही गेला. दक्षिणेत दिल्लीचे म्हणावे असे मोठे ठाणे एकच उरले, ते दौलताबाद.

आणि नेमके तेथूनच १३४४-४५ मध्ये कुतलुघ खानाला परत बोलावले गेले. वसुलीत घट झाली, त्याच्या हाताखालच्या माणसांनी पैसा खाल्ला, अशा चुगल्या सुलतानाच्या कानावर गेल्या होत्या. त्याच्या जागी तात्पुरता त्याचा भाऊ मौलाना निजामुद्दीन भडोचहून आला. हा सज्जन होता; पण राज्यकारभाराचा आणि युद्धाचा त्याला अनुभव नव्हता. मराठ्यांच्या मुलखाचे चार भाग करून त्यांवर नवे अंमलदार नेमले गेले आणि त्यांच्यावर वसुलीचे मोठे आकडे लादले गेले. कुतलुघ खान गेला तेव्हा लोक हवालदिल झाले, असे बरनी लिहितो. बरनी हा सुलतानाच्या पदरी सतरा वर्षे राहिलेला माणूस, दख्खनविषयी त्याला कसलाही जिव्हाळा नाही. म्हणून त्याची ही साक्ष मला वजनदार वाटते. आणखी एक तपशील तोच देतो. कुतलुघ खानाने गोळा केलेला वसुलीचा पैसा, रस्ते धोक्याचे झाल्यामुळे, दिल्लीला पोहोचवता आला नव्हता आणि दौलताबादच्या बालेकिल्ल्यात, धारागिरीवर, पडून होता. पुढे जे बंड करणार होते त्यांचा खजिनाही असा आधीच जागेवर येऊन थांबला होता.

आता ठिणगी. माळव्यात धार येथे अझीझ खम्मार नावाचा नवा अंमलदार नेमला गेला. खम्मार म्हणजे दारू गाळणारा. सुलतान या काळात जुन्या घराण्यांवर अविश्वास ठेवून सामान्य कुळांतील माणसांना वर आणत होता, आणि कुळाभिमानी बरनीला ते अजिबात खपत नाही. तेव्हा अझीझविषयीचे त्याचे कडवे शब्द जरा गाळून घ्यावे लागतात. पण अझीझने जे केले त्याविषयी वाद नाही. निरोप घेताना सुलतानाने त्याला सांगितले होते की, देशभर जी बंडे होतात त्यांच्या मुळाशी हे सदा अमीर आहेत. अझीझने या बोलण्याचा सरळ अर्थ लावला. धारच्या ऐंशीहून अधिक सदा अमिरांना त्याने एकत्र बोलावले आणि आपल्या वाड्यासमोर त्यांची मुंडकी मारली. सुलतानाने त्याला मानाची वस्त्रे पाठवली, शाबासकीचे पत्र पाठवले आणि इतर उमरावांनाही त्याची स्तुती करणारी पत्रे लिहायला सांगितले.

या घटनेपाशी मी मुद्दाम थांबतो. अपराध सिद्ध झालेल्यांना शिक्षा देणारे राजे त्या काळात पुष्कळ होते, आणि मुहम्मद तुघलकाच्या शिक्षा त्यांतही भयंकर होत्या. पण धारमध्ये जे मारले गेले ते कोणत्याही बंडात पकडलेले नव्हते. ते अमुक एका हुद्द्याचे होते, एवढाच त्यांचा गुन्हा. मानाची वस्त्रे गेल्याची बातमी गुजरातेत आणि दख्खनमध्ये पोहोचली तेव्हा प्रत्येक सदा अमिराला एकच गोष्ट कळली, ती ही की आपण निष्ठेने वागलो किंवा न वागलो तरी आता फरक पडत नाही. माणसाची निष्ठा निरुपयोगी ठरवली की त्याच्याकडे उरते ते शस्त्र. बंडखोरांना राज्याची हाव सुटली होती असे दिल्लीचे इतिहासकार सुचवतात. मला मात्र पुराव्यात हाव दिसत नाही, भीती दिसते, आणि ती पूर्णपणे रास्त भीती होती.

गुजरातेत डभोई आणि बडोद्याच्या सदा अमिरांनी प्रथम उठाव केला. दिल्लीला निघालेला खजिना आणि घोडे त्यांनी लुटले. त्यांना दडपायला अझीझ खम्मार स्वतः गेला आणि मारला गेला. सुलतान १३४५ च्या आरंभी दिल्लीहून निघाला, आणि येथे हे लक्षात ठेवावे की यानंतर त्याने दिल्ली पुन्हा कधी पाहिली नाही. गुजरातेतील बंडखोरांचा त्याने पराभव केला. नर्मदेपर्यंत त्यांचा पाठलाग झाला. उरलेल्यांपैकी काही साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांचा प्रमुख मानदेव याच्या आश्रयाला गेले, तर मानदेवाने त्यांचे हिरे-मोती काढून घेतले आणि त्यांना नागवे केले. बागलाणच्या या डोंगरी राजाचे वर्तन मला या कथेत फार बोलके वाटते. दिल्लीचे स्वार दिल्लीच्याच स्वारांशी भांडत होते. त्यांतल्या कोणाचाही पक्ष घेण्याचे त्याला कारण नव्हते.

भडोचला असतानाच सुलतानाने दौलताबादच्या अमिरांकडे मोर्चा वळवला. आधी दोन अधिकारी चौकशीसाठी पाठवले गेले, आणि त्यांची कीर्ती अशी होती की त्यांच्या येण्यानेच शहरात घबराट पसरली. मागोमाग निजामुद्दीनला हुकूम आला की १,५०० स्वार, त्यांच्याबरोबर प्रमुख सदा अमीर देऊन, भडोचला पाठवावेत. याच स्वारांपासून मी सुरुवात केली. ते परतले, निजामुद्दीनला त्यांनी कैद केले पण जिवंत ठेवले. त्याच्याविषयी कोणाचे वैर नव्हते. चौकशी अधिकाऱ्यांपैकी जो हाती लागला त्याचे तुकडे केले गेले. धारागिरीवरचा खजिना खाली आणून फौजेत वाटला गेला, आणि अमिरांनी आपल्यातील एका वयस्क अफगाणाला, इस्माईल मुख याला, नासिरुद्दीन शाह ही पदवी देऊन गादीवर बसवले. मराठ्यांचा मुलूख त्यांनी आपसांत वाटून घेतला. हसन नावाच्या अमिराला जफर खान हा किताब मिळाला. त्याचा टापू मिरज-रायबागच्या बाजूला होता.

सुलतान भडोचहून दौलताबादेवर आला. मैदानात बंडखोरांचा पराभव झाला, आणि इतर कोणत्याही वेळी ही कथा येथेच संपली असती. पण पराभवाच्या रात्री अमिरांनी एक शहाणा निर्णय घेतला. इस्माईलने बालेकिल्ला धरून बसावे आणि हसनसह बाकीच्यांनी आपापल्या टापूंत पांगून राहावे, असे ठरले. देवगिरीचा तो कडा आपण पाहिलेला आहे. सभोवतीचा खडक तासून सरळ केलेला, खाली खंदक, आणि वर जायला अंधारीची एकच वाट. तो हल्ल्याने घेता येत नाही, उपासमारीनेच घ्यावा लागतो, आणि उपासमारीला वेळ लागतो. सुलतानाकडे तेवढा वेळ उरला नाही. वेढा चालू असताना गुजरातेतून बातमी आली की तघी नावाच्या माणसाने तेथे नवे बंड केले आहे. वेढ्याचे काम सरदारांवर सोपवून, दौलताबादच्या मुसलमान रहिवाशांपैकी पुष्कळांना दिल्लीकडे रवाना करून, सुलतान गुजरातेकडे वळला. ज्या लोकांना वीस वर्षांपूर्वी याच सुलतानाने दिल्लीहून येथे आणले होते, त्यांना किंवा त्यांच्या मुलांना आता उलट्या वाटेने हाकले गेले. इसामीसारखी माणसे बंडखोरांच्या बाजूला का गेली, हे समजायला यापेक्षा वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

हसनचा पाठलाग करायला इमाद-उल-मुल्क सरतेझ हा तुघलकी सेनापती गुलबर्ग्याकडे गेला होता. हसनने माणसे जमवली. वारंगळच्या कापय नायकाने त्याला कुमक पाठवली, कारण दिल्लीची फौज दक्षिणेत पुन्हा बळावू नये हे त्याच्याही हिताचे होते. १३४७ मध्ये झालेल्या लढाईत सरतेझ मारला गेला. हसन तसाच दौलताबादेवर आला. वेढा घालून बसलेले सरदार गाशा गुंडाळून माळव्याकडे निघून गेले. इस्माईल किल्ल्यावरून खाली उतरला आणि वय झाल्याचे सांगून त्याने गादी सोडली. ३ ऑगस्ट १३४७ रोजी मुबारक खिलजीच्या त्याच मशिदीत हसनच्या नावाने खुतबा, म्हणजे राज्यकर्त्याचे नाव घेऊन होणारे मशिदीतील प्रवचन, वाचला गेला आणि तो अलाउद्दीन बहमन शाह झाला. यादवांच्या देवळांचे खांब, खिलजीने बांधलेली मशीद आणि तुघलकाविरुद्ध उठलेला सुलतान. अर्ध्या शतकाचा इतिहास त्या एका छपराखाली जमला होता.

हसन गंगू नावाच्या ब्राह्मणाचा नोकर होता आणि त्या ब्राह्मणाच्या स्मरणार्थ त्याने राज्याला ‘बहमनी’ नाव दिले, ही कथा आपल्याकडे अजूनही सांगितली जाते. ती फिरिश्त्याच्या ग्रंथात येते, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी. हसनच्याच दरबारात १३५० मध्ये आपले महाकाव्य पुरे करणाऱ्या इसामीला ती ठाऊक नाही. तो आपल्या धन्याचा वंश इराणच्या पुराणकथेतील बहमन राजाशी जोडतो. तोही पुराव्याअभावी मान्य करण्याजोगा नाही, पण नावाचे मूळ तेथे आहे हे उघड आहे. ब्राह्मणाची कथा गोड आहे, म्हणून ती टिकली.

दौलताबाद हातचे गेल्याची बातमी सुलतानाला गुजरातेत मिळाली. त्या दिवसांतली बरनीची एक आठवण मी विसरू शकत नाही. सुलतान त्याला म्हणाला की आपले राज्य रोगी झाले आहे. एका जागी औषध करावे तर दुसऱ्या जागी दुखणे उभे राहते. जुन्या राजांनी अशा वेळी काय केले, असेही त्याने विचारले. लोकांच्या मनात जो तिरस्कार निर्माण झाला आहे तो या अतिरेकी शिक्षांमुळे, असे सांगावे हे बरनीच्या ओठांवर आले होते. पण भीतीने ते त्याने गिळले, आणि हे त्याने स्वतः, सुलतानाच्या मृत्यूनंतर, पश्चात्तापाने लिहून ठेवले आहे. तघीचा पाठलाग करत सुलतान सिंधपर्यंत गेला आणि २० मार्च १३५१ रोजी थट्ट्याजवळ तापाने मरण पावला. त्याचा वारस फिरोजशाह याने दख्खन परत मिळवण्याचा गंभीर प्रयत्न कधीच केला नाही. गुजरातेत असताना दौलताबादेतील असंतुष्टांकडून त्याला निमंत्रण आले होते, तरी त्याने मोर्चा थट्ट्याकडेच वळवला.

परिणामांकडे वळताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. राजधानी लौकरच गुलबर्ग्याला गेली, आणि दौलताबाद पुन्हा एक सुभा झाला. नव्या सत्तेपुढे तेच जुने दुखणे उभे राहिले. १३६६ च्या सुमारास बहराम खान माझंदरानी या दौलताबादच्या अधिकाऱ्याने बहमनी सुलतानाविरुद्धच बंड केले. त्याच्या बाजूला एक मराठा सरदारही होता. बंड करून जन्मलेल्या राज्याला बंडाची भीती कायम असते. म्हणून बहमनींनी राज्याचे दौलताबाद, वऱ्हाड, बिदर आणि गुलबर्गा असे चार तरफ, म्हणजे प्रांत, केले, आणि पुढे बहमनी वजीर महमूद गवानाने तरफदारांचे बळ कमी करायला त्यांचे आठ केले. ‘तरफ’ हा शब्द आपल्या जुन्या कागदांत ‘मौजे अमुक, तरफ तमुक’ असा शेकडो वेळा येतो. अर्थ आकसून तो काही गावांच्या गटापुरता उरला. पण शब्द टिकला.

गुलबर्गा-बिदरच्या राज्याला दिल्लीहून माणसे येणे थांबले होते. याचे दोन मोठे परिणाम झाले. समुद्रमार्गे इराण, अरबस्तान आणि मध्य आशियातून माणसे येऊ लागली, ज्यांना आफाकी म्हणत; आणि आधी आलेले, येथे मुरलेले लोक स्वतःला दख्खनी म्हणवू लागले. लक्षात घ्या, हे ‘दख्खनी’ म्हणजे प्रामुख्याने त्याच दिल्लीकरांचे नातू-पणतू. सक्तीने आणलेल्यांच्या तिसऱ्या पिढीने या भूमीचे नाव आपली ओळख म्हणून घेतले. त्यांची हिंदवी बोली मराठी, कानडी, तेलुगूच्या शेजारात वाढून दख्खनी झाली, आणि आपला ‘नको’ तिच्यात कायमचा जाऊन बसला. दख्खनी आणि आफाकी यांच्या वैराने पुढे राज्य पोखरले. १४८१ मध्ये महमूद गवानाचा खोट्या पत्राच्या आधारे वध झाला, आणि त्यानंतर अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, बिदर आणि गोवळकोंडा अशी पाच राज्ये निघाली.

दुसरा परिणाम आपल्या गावांशी निगडित आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. दिल्लीच्या आधाराशिवाय राज्य करायचे तर येथल्या देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्ण्यांशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. सदा अमीर हा वर्ग शंभर गावांच्या वसुलीतूनच वर आलेला, म्हणून त्याला हे दिल्लीच्या दरबाऱ्यांपेक्षा चांगले कळत होते. वतने चालू राहिली, गावचा हिशेब गावच्या भाषेत राहिला, आणि सोळाव्या शतकात विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाने दप्तराचा हिशेब फारसीऐवजी देशी भाषांत ठेवण्याचा हुकूम दिला, असे फिरिश्ता नोंदवतो. याच राज्यांच्या चाकरीत मराठा घराणी लष्करी बळ आणि कारभाराचा सराव मिळवत गेली. मालोजी आणि शहाजी निजामशाहीतून पुढे आले, ते याच परंपरेतून. १३४७ नंतर दख्खनची राजकीय केंद्रे दख्खनमध्येच राहिली नसती, तर ही घराणी इतकी जवळून सत्ता पाहू शकली नसती, असे माझे मत आहे. स्वराज्य या बंडातून निर्माण झाले असे मी मुळीच म्हणत नाही. दोहोंमध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे आणि प्रेरणा पूर्णपणे भिन्न आहेत. परंतु शिवाजी महाराजांसमोर जी दख्खन होती, तिची घडण त्या पहिल्या मुक्कामावरून परतलेल्या स्वारांनी सुरू केली होती.

खानदेशातही एक धागा जातो. तेथले फारुकी घराणे बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांना मानत असे. तापीच्या एका काठचे बुऱ्हाणपूर आणि दुसऱ्या काठचे झैनाबाद या दोघांच्याच नावांनी वसले. झैनुद्दीन हे बंडाच्या वेळी दौलताबादेत होते, त्यांनाही दिल्लीला नेले गेले, आणि सुलतानाच्या मृत्यूनंतर ते परत आले.

दिल्लीचे तख्त दख्खनमध्ये पुन्हा आले ते १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतल्यावर. दौलताबादचा किल्ला तर १६३३ मध्ये मुघलांच्या हाती आला. त्या किल्ल्याच्या पलीकडच्या मुलखासाठी औरंगजेबाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे खर्च केली. दिल्लीला तोही परतला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याला खुलताबादला, झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात पुरण्यात आले.